दिसले, पण वाचणार कोण?

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात सिन्नर तालुक्यातल्या माझ्या आजोळी गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. महिना-दीड महिन्याने एक मोठा छापील फोटो ग्रामपंचायतीच्या टेबलावर पसरला गेला. कोपरे उडू नयेत म्हणून एका बाजूला पाण्याचा तांब्या ठेवलेला, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी चष्म्याचा डबा. मोजणीच्या मुलाने एकेका घराभोवती लाल रेघ ओढून आणली होती आणि तो नावे विचारत होता. मामाच्या गोठ्यामागे एक लांबट चौकोन होता. "हे घर कोणाचं?" कुणालाच सांगता येईना, कारण तिथे घर नव्हतेच.

आबा पुढे झाले. आबा म्हणजे आईचे चुलते, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी विचारले, "फोटो कधीचा, बाळा? किती वाजताचा?" मार्चमधला, सकाळी दहाच्या सुमाराचा, असे उत्तर आले. आबांनी सावलीवर बोट ठेवले. "घराची सावली पट्टीनं आखल्यासारखी पडती. हिची बघ, वरनं गोलसर आहे. ही कडब्याची गंजी. शिमग्याच्या आगंमागं रचतो, श्रावणापर्यंत जनावरं खाऊन मोकळी." मग लाल रेघ नसलेल्या एका जागेवर बोट सरकले. "आणि हितं घर आहे. धाबं खाली आलंय म्हणून तुला नुसती माती दिसती. म्हातारी ठाण्याला लेकाकडं असती, पण घरपट्टी भरती."

फोटोत काही खोट नव्हती. एकेक कौल मोजता येईल इतका तो स्वच्छ होता. तरी नसलेले घर त्यात उभे राहिले आणि असलेले घर पुसले गेले. गावातच हे निस्तरले, कारण आबा तिथे होते, ते बोलले आणि त्या मुलाने ऐकले. या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली असती तरी गंजीला घराचा उतारा मिळाला असता.

सैन्याच्या टेहळणी ड्रोनांच्या खरेदीच्या बातम्या वाचताना मला आबांचे ते बोट आठवते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनांचा करार केला. किंमत सुमारे ३२ हजार कोटी रुपये; १५ नौदलाला, प्रत्येकी ८ भूदलाला आणि हवाई दलाला. २०२५ च्या कारगिल विजय दिनी द्रासला लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या बटालियनमध्येच ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या तुकड्या, उभारण्याचे सांगितले. हा सगळा खर्च करायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या टेकडीवर जवानाला पाठवून पलीकडे काय आहे ते बघावे लागत होते तिथे यंत्र जाणार असेल, तर प्रत्येक आईबापाने या खर्चाला पाठिंबा द्यावा. माझी तक्रार दुसरीच आहे. आपण डोळे विकत घेतो आहोत. त्या डोळ्यांना दिसलेले वाचणारी माणसे किती, ती किती शिकलेली, त्यांचे म्हणणे कुणापर्यंत किती वेळात पोचते आणि वरिष्ठाच्या मताविरुद्ध असले तर टिकते का, हे मात्र आपण विचारतच नाही. विमानाची किंमत रुपयांत सांगता येते म्हणून तिची बातमी होते. वाचणाऱ्याची होत नाही. आणि लढाईत मार बसतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या जागी.

हे कारगिलमध्ये आपण स्वतः भोगले आहे. कारगिलची गोष्ट आपण शौर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिची सुरुवात न दिसण्याने झाली. हिवाळ्यात बर्फामुळे उंचावरची ठाणी रिकामी होत. त्या काळात हेलिकॉप्टरमधून टेहळणी होई. लष्करात तिला 'वासो' म्हणत. थरथरत्या हेलिकॉप्टरच्या काचेतून साध्या डोळ्यांनी बर्फावरची माणसे शोधायची. हेलिकॉप्टर दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा आवाज डोंगरात घुमतो. पांढऱ्या कपड्यांतला माणूस दगडाआड निपचित पडला की वरून काही कळायला मार्ग नाही. घुसखोर आले, त्यांनी शिखरांवर मोर्चे बांधले, आणि मे १९९९ च्या सुरुवातीला आपल्याला कळले ते बटालिक भागातल्या मेंढपाळाकडून. पुढे २१ मे रोजी फोटो काढायला गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागले. वैमानिकांनी ते एका इंजिनावर परत आणले. बिनमाणसांच्या विमानाची गरज पटवायला एवढे पुरे होते.

युद्ध संपल्यावर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली. डिसेंबर १९९९ मध्ये तिचा अहवाल तयार झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेपुढे आला. मानवरहित विमानांविषयी समितीने जे म्हटले ते आजही जपून वाचावे असे आहे. ही विमाने सैन्यात नुकतीच आली आहेत आणि सपाट प्रदेशात वापरली जात आहेत, तर उंच डोंगरात चालतील अशीही घ्या, असे समितीने सांगितले. तेवढ्यावर ती थांबली नाही. या विमानांनी टिपलेली चित्रे संबंधित गुप्तचर संस्थांपर्यंत लवकरात लवकर पोचतील अशी कायमची व्यवस्था करा, असेही तिने लागलीच पुढे लिहिले.

हे दुसरे वाक्य समितीला सहज सुचलेले नव्हते. त्याच अहवालात नोंद आहे की, कारगिलसमोरच्या हालचालींची खबर देणारे एक पत्र इंटेलिजन्स ब्युरोच्या प्रमुखांनी २ जून १९९८ रोजी, म्हणजे युद्धाच्या जवळजवळ वर्षभर आधी, पाठवले होते. ते पंतप्रधानांकडे गेले, गृहमंत्र्यांकडे गेले, लष्करी कारवायांच्या महासंचालकांकडेही गेले. पण ज्यांनी ते इतर खबरांशी जुळवून पाहायचे, त्या 'रॉ'च्या सचिवांकडे, संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांकडे आणि लष्करी गुप्तवार्तेच्या महासंचालकांकडे गेले नाही. एकाच्या हातात एक तुकडा, दुसऱ्याच्या हातात दुसरा, आणि पूर्ण चित्र कुणाच्याच टेबलावर नाही.

पहिल्या वाक्याची अंमलबजावणी आपण मनापासून केली. इस्रायलची सर्चर आणि हेरॉन विमाने आली, आता अमेरिकेची येणार. स्वतःची बनवण्याचे प्रयत्नही झाले. डीआरडीओचे 'निशांत' अपघातांमागून अपघात होऊन गुंडाळावे लागले. 'तापस'ला तीस हजार फूट उंची आणि चोवीस तास उड्डाण ही अट पुरी करता आली नाही. या अपयशांवर भरपूर लिहिले गेले. दुसऱ्या वाक्यासाठी काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. संरक्षण गुप्तवार्ता संस्था २००२ मध्ये उभी राहिली, तिच्या हाताखाली उपग्रहचित्रे वाचणारे केंद्र आहे, तांत्रिक टेहळणीसाठी २००४ मध्ये एनटीआरओ ही संस्था आली. पण भूदलाचे ड्रोन वेगळे, हवाई दलाचे वेगळे, नौदलाचे वेगळे, सीमा सुरक्षा दलाचे आणखी वेगळे, आणि त्यातले शेवटचे तर दुसऱ्याच मंत्रालयाखाली. जितके डोळे वाढतात तितके जुळवण्याचे काम वाढते. ते करणारे हात त्याच प्रमाणात वाढले का, हे कुठल्याही खरेदीच्या घोषणेत सांगितले जात नाही.

टेहळणी म्हणजे नक्की काय काम आहे, याची कल्पना नसल्यामुळेही हे घडत असावे. आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातली टेहळणी असते: पडद्यावर शत्रू चालताना दिसतो, त्याच्या डोक्यावर लाल चौकट उमटते. प्रत्यक्षात ट्रकवर बसवलेली एक बंदिस्त खोली असते. दोन खुर्च्या, एक विमान उडवणाऱ्याची, दुसरी कॅमेरा फिरवणाऱ्याची. पडद्यावर तासन् तास डोंगराचा तोच उतार. रात्री उष्णतेच्या कॅमेऱ्यात गरम ते पांढरे आणि थंड ते काळे दिसते. दिवसभर उन्हात तापलेला खडक सूर्य मावळल्यावरही बराच वेळ पांढराच राहतो आणि त्याला टेकून बसलेला माणूस त्यात विरघळून जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला एक वेळ अशी येते की माती, दगड आणि अंग यांच्यातला फरकच मिटतो. कॅमेरा जवळ ओढावा तर आजूबाजूचे सगळे निसटते. बांबूच्या पेरातून शेत न्याहाळावे तसे. लांब न्यावा तर माणूस ठिपका होतो. ठिपका हलला. तो मेंढपाळ आहे, याक आहे, की खांद्यावर मोर्टारची नळी घेतलेला सैनिक? तो ठिपका रोज याच वेळी इथून जातो का? काल गेला होता का? त्याच्या मागच्या घरातून गेले तीन दिवस धूर का नाही?

याची उत्तरे कॅमेऱ्यात नसतात. त्या उताराकडे महिनोन्महिने पाहणाऱ्याच्या डोक्यात असतात. तोफखान्यातले जुने लोक याला 'जमीन ओळखणे' म्हणतात. आबांची निम्मी नोकरी दुर्बिणीमागे गेली. ते सांगत, पहिले पंधरा दिवस समोरच्या डोंगराचा नुसता पाढा पाठ करायचा, मग त्यात काय बदलले ते आपोआप डोळ्यात खुपते.

हिमालयात तर अडचणींना अंतच नाही. विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते. थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते. सपाटीवर अर्धा-पाऊण तास उडणारा लहान ड्रोन तिथे त्याच्या निम्म्यातही परत बोलवावा लागतो. मध्ये डोंगराची सोंड आली की रेडिओचा धागा तुटतो. डिसेंबर २०१७ मध्ये आपले एक हेरॉन सिक्कीमजवळ संपर्क तुटून पलीकडे चीनच्या हद्दीत जाऊन पडले आणि त्यावरून निषेधाची पत्रे झडली. यंत्र आहे, बिघडणारच.

आता एमक्यू-९बी घ्या. ते सलग चाळीस तास उडू शकते. आठ तासांची पाळी धरली तरी एका उड्डाणाला पाच पाळ्या, आणि पडद्याकडे एकटक पाहणाऱ्याचे लक्ष आठ तास टिकत नाही हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणजे एका विमानामागे, फक्त पाहण्यासाठी, दहा-पंधरा शिकलेली माणसे. मग त्यांनी पाहिलेले जुन्या चित्रांशी, पकडलेल्या संभाषणांशी, स्थानिक खबरांशी ताडून बघणारी वेगळी. ३१ विमानांचा गुणाकार वाचकांनी स्वतः करावा.

अमेरिकेकडे असे ड्रोन आणि अशी माणसे जगात सर्वांत जास्त आहेत. तरी २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये काय झाले ते आठवा. त्यांच्या ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा गाडीवर सुमारे आठ तास नजर ठेवली. गाडीत जड डबे चढवताना दिसले, ती स्फोटके ठरली. शेवटी क्षेपणास्त्र सोडले गेले. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले. गाडी एका मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याची होती आणि डब्यांत पाणी होते. आठ तास! एवढ्या वेळात आपल्याकडची म्हातारी समोरच्या बिऱ्हाडाची सगळी कुंडली सांगेल. तिथे प्रत्येक तासाने पहिल्या तासातला संशय अधिक पक्का होत गेला, कारण बघणाऱ्यांनी काय दिसणार हे आधीच ठरवले होते. नंतरच्या लष्करी चौकशीने हेच म्हटले आणि सुचवले की, अशा खोलीत 'हे चुकीचे असू शकते' असे म्हणण्याचेच काम असलेली माणसे बसवावीत. मला ही सूचना सगळ्या तंत्रज्ञानाहून मोलाची वाटते.

याच्या उलट चूक इस्रायलने केली. गाझाभोवतीचे सुमारे ६५ किलोमीटरचे कुंपण २०२१ मध्ये पुरे झाले: जमिनीखाली भिंत, वर कॅमेरे, संवेदक, दूरून चालणाऱ्या बंदुका, डोक्यावर ड्रोन आणि फुगे. जगातली सर्वांत जास्त पाहिली जाणारी सीमा ती हीच असावी. नाहाल ओझच्या तळावर तरुण मुली सैनिक म्हणून पडद्यांपुढे बसत आणि एकेकीला सीमेचा ठरावीक तुकडा नेमून दिलेला असे. त्यांना हमासचे सराव दिसत होते, कुंपणाजवळची येजा दिसत होती, आणि त्यांनी ते वर कळवलेही होते. हल्ल्याच्या आराखड्याचा दस्तऐवज तर गुप्तचरांच्या हाती वर्षभर आधी आला होता. हमासला एवढे झेपणार नाही, असे वरच्यांचे मत होते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासने साध्या ड्रोनांतून स्फोटके टाकून आधी टेहळणीचे मनोरेच आंधळे केले. त्या तळावरच्या कितीतरी मुली मारल्या गेल्या, काहींना ओलीस नेले गेले. ज्यांनी पाहिले होते त्यांनीच न ऐकण्याची किंमत दिली. मला ते वाचताना आजही राग येतो.

एका ठिकाणी नसलेले दिसले, दुसऱ्या ठिकाणी दिसलेले मानले नाही. दोन्हीकडे कॅमेरे उत्तम होते.

हेतूचा प्रश्न याहून अवघड आहे. २०२० च्या वसंतात पूर्व लडाखसमोर चिनी सैन्य जमले, ते सरावासाठी. असे सराव होतच असत. गाड्या दिसत होत्या, तंबू दिसत होते. हे सैन्य सराव संपवून परत न जाता सीमेकडे वळणार आहे, हे तंबूच्या फोटोत दिसत नाही. ते कळायला गेल्या पाच सरावांचा हिशेब हवा: यंदा सरपण जास्त का आले, रुग्णालयाचे तंबू का लागले, पूल बांधायचे सामान कशाला? १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान गेले.

ड्रोनांनी युद्धच बदलून टाकले, हे म्हणणाऱ्यांचे पारडे युक्रेनमुळे जड झाले आहे आणि त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. युक्रेनचे तेव्हाचे सरसेनापती व्हालेरी झालुझनी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये लिहिले की, शत्रू काय करतो ते सगळे आम्हाला दिसते आणि आम्ही काय करतो ते सगळे शत्रूला. रणगाडे एकत्र जमले की काही मिनिटांत त्यांच्यावर तोफा सुरू होतात. ब्रिटनच्या रुसी या अभ्याससंस्थेचा २०२३ मधला अंदाज होता की, युक्रेन महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन गमावतो. म्हणजे ड्रोन ही जपून ठेवायची चीज राहिली नसून काडतुसासारखी खर्चाची वस्तू झाली आहे. तरी त्याच मैदानावर ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनचे सैन्य कुर्स्कमध्ये रशियाच्या हद्दीत शिरले आणि रशिया गाफील सापडला. सीमेलगतच्या युक्रेनच्या सुमी भागात हालचाल असल्याच्या खबरा वर गेल्या होत्या आणि त्या बाजूला सारल्या गेल्या, अशी वृत्ते नंतर आली. सगळे दिसणाऱ्या मैदानावरही माणूस गाफील राहू शकतो.

युक्रेनकडून घेण्यासारखा धडा मला दुसऱ्या ठिकाणी दिसतो. तिथे लहान ड्रोन उडवणारा पोरगा आणि तोफ डागणारा यांच्यामध्ये फार पायऱ्या नाहीत. एकाला दिसले की ते टॅब्लेटवरच्या सामाईक नकाशात पडते आणि ज्याला हवे त्याला त्याच क्षणी मिळते. म्हणूनच आपल्या पायदळात बटालियनच्या पातळीवर ड्रोन देण्याचा निर्णय मला मनापासून पटतो. ज्या सुभेदाराला त्या नाल्याचा दगडन् दगड माहीत आहे, त्याच्याच हातात चित्र आले तर तो ते वाचू शकेल. तेच चित्र शेकडो किलोमीटरवरच्या मुख्यालयात गेले आणि तिथून अर्थ लावून खाली आले, तर मोर्च्यावरच्या माणसाला उपयोग होईपर्यंत ठिपका डोंगर ओलांडून गेलेला असेल. मात्र ड्रोन प्लाटून म्हणजे रिमोट चालवणारी चार चलाख पोरे, असा अर्थ लावला गेला तर सगळे मुसळ केरात. उडवायला शिकणे काही आठवड्यांचे काम आहे. वाचायला शिकणे वर्षांचे आहे.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी हाच खेळ आपल्यावर झाला. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले. आपली हवाई संरक्षणाची यंत्रणा कुठे आहे, कशी जागी होते, हे जोखण्यासाठी आणि माहिती गोळा करण्यासाठी ते असावेत, असे सरकारी माहितीतच सांगितले गेले. पाडलेल्या ड्रोनांचे आकडे आपण आनंदाने मोजले. पण पडता पडता त्यांनी जे टिपले असेल, ते समोरच्या बाजूला कुणीतरी पुढे कित्येक दिवस बसून वाचले असणार.

आता यावर एक उत्तर ठरलेले असते: वाचायचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करेल, माणसे कशाला? अमेरिकेने २०१७ मध्ये 'मेव्हन' नावाचा प्रकल्प सुरू केला तो याचसाठी. ड्रोनांनी आणलेले चित्रीकरण पाहायला माणसे पुरेनात. यंत्र मदत जरूर करेल. हजार फोटोंतून गाड्या असलेले चाळीस वेगळे काढणे त्याला जमते आणि ते जवानांच्या डोळ्यांवरचे ओझे हलके करील. पण यंत्राला जे शिकवले आहे तेच ते ओळखते. १९९९ मध्ये कोसोव्होवर आकाशातून बाँब टाकणाऱ्या नाटोला सर्बियाच्या सैन्याने लाकडाचे आणि प्लॅस्टिकचे खोटे रणगाडे दाखवून फसवले. आज युक्रेनमध्ये दोन्हीकडे हवा भरलेले रणगाडे उभे केले जातात. शत्रू आपल्या यंत्राला काय शिकवले आहे हे ओळखून त्यालाच फसवणार, तेव्हा शंका घेणारा माणूस मध्ये लागणारच. शिवाय यंत्राच्या आत काय आहे हा प्रश्नही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांच्या धास्तीने लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनांची कंत्राटे रद्द करावी लागली. सामान वाहणाऱ्या ड्रोनाबाबत ही काळजी, तर पाहणाऱ्या ड्रोनाबाबत किती हवी?

दुसरे उत्तर गुप्ततेचे. या गोष्टींची उघड चर्चा नको, असे म्हणणारी माणसे देशाच्या काळजीनेच म्हणतात, हे मी मानतो. पण कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून का होईना, देशापुढे ठेवला गेला. त्याने शत्रूचा फायदा झाल्याचे कुणी दाखवलेले नाही. उलट आज मी हे लिहू शकतो ते त्या अहवालामुळे. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजूनही खुला केलेला नाही, आणि त्या युद्धाविषयी आपण साठ वर्षे तेच तेच वाद घालत बसलो आहोत. ड्रोन कुठे उडतो, त्याला काय दिसते, हे गुपित राहू द्या. पण चित्रे वाचणारी किती माणसे मंजूर आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, एकेक माणूस त्या कामावर किती वर्षे राहतो, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने विचारावे आणि छापावे. यातून शत्रूला काहीही मिळत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नात बोलण्याचा विशेष हक्क आहे. लष्करी गुप्तवार्तेची प्रशाला पुण्यात आहे. तोफखान्याची प्रशाला देवळालीला आहे, आणि भूदलाचे ड्रोन सुरुवातीला तोफखान्याच्याच ताब्यात होते. ते पुढे आर्मी एव्हिएशनकडे, म्हणजे भूदलाच्या स्वतःच्या हवाई शाखेकडे, गेले, तर तिची प्रशिक्षण शाळाही नाशिक रोडलाच. उडवणारे, तोफेला नेम देणारे आणि खबर वाचणारे हे तिघेही दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या टापूत घडतात. ते शिकत असतानाच एका टेबलाभोवती का बसू नयेत? लढाईत त्यांना एकमेकांवर विसंबायचे आहे. आणि शिकलेल्या माणसाला दोन-तीन वर्षांत दुसऱ्या कामावर पाठवण्याची पद्धत निदान या एका शाखेपुरती थांबवा. ज्याला समोरच्या डोंगराचा पाढा पाठ झाला, त्याची बदली म्हणजे पाटी पुसून टाकणे. त्याला तिथेच बढती मिळावी, तिथेच मान मिळावा.

हेरांचा विषय निघाला की आपल्याकडे बहिर्जी नाईकांचे नाव निघतेच. त्यांच्याविषयी कथा खूप आणि कागद थोडे. वेषांतराच्या त्या कथा मुलांना आवडतात, मलाही आवडत. आता त्यातली एकच गोष्ट मनात राहते: सगळ्या कथांमध्ये बहिर्जींचा शब्द थेट राजापर्यंत पोचतो, आणि राजा तो ऐकून आपला बेत बदलतो. आज पडद्यापुढे बसलेल्या नायक किंवा हवालदार हुद्द्याच्या जवानाला, 'साहेब, मला हे तसं वाटत नाही' असे कर्नलला म्हणता येते का? म्हटले तर त्याची नोंद होते का? पुढे तो बरोबर ठरला तर त्याला कुणी विचारते का, आणि चूक ठरला तर त्याचे नुकसान होत नाही ना? ३२ हजार कोटींच्या करारात हे कलम कुणी घालू शकत नाही. ते सैन्याने स्वतःच्या वागण्यात आणायचे आहे, आणि ते आणलेत का हे आपण विचारत राहायचे आहे.

मे १९९९ मध्ये बटालिकच्या त्या मेंढपाळाकडे होती फक्त दुर्बीण. तो निघाला होता हरवलेला याक शोधायला. वरच्या उतारावर त्याला काही माणसे खणताना, मोर्चे बांधताना दिसली. तो डोंगर त्याच्या रोजच्या पायाखालचा होता. तिथे त्या दिवसांत कोण असते आणि कोण नसते, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. तो खाली आला आणि जवळच्या ठाण्यावर जाऊन सांगितले. ठाण्यावरच्यांनी एका गुराख्याचे बोलणे म्हणून ते सोडून दिले नाही. त्यांनी गस्त पाठवली.